‘होमली’, ‘सोबर’ आणि ‘ॲडजस्टिंग’: इंटरव्ह्यूआधी तपासून घ्यायचे शब्द

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्यात राहते. शाळा मराठी माध्यमाची, बी.कॉम. झालं आहे. वडिलांचं इतवारीत किराणा दुकान आहे, तिथली उधारीची वही मीच सांभाळते. दसऱ्याला दीक्षाभूमीजवळच्या मदत केंद्रावर स्वयंसेवक म्हणून जाते. 3 आठवड्यांनी मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे. सरावाच्या इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल सांगायला लावलं, तेव्हा मी म्हणाले, ‘आय ॲम होमली, सिम्पल, फ्रँक, सेंटिमेंटल अँड हॅविंग हेल्पिंग नेचर.’ समोरचे दोघं हसले, पण चुकलं काय ते कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून मोबाइलवर 300 विशेषणांची यादी घेऊन बसले आहे. मैत्रीण म्हणते, ‘काहून इतकं पाठ करून राहिली?’ तिचंही खरंच आहे, कारण पाठ केलेलं ऐन वेळी आठवत नाही. शिवाय मावशीनं मावसबहिणीचा इंग्रजी बायोडाटा माझ्याकडे दिला आहे. स्थळ अमेरिकेतलं आहे. त्यात ‘होमली, सोबर अँड ॲडजस्टिंग’ लिहायचंच, असं तिनं बजावलं आहे. लिहू का?

उत्तर : आधी बायोडाटा, कारण तो आज-उद्या मेलनं निघून जाईल. हे तीन शब्द लिहू नका.

‘होमली’ आपल्याकडे घर सांभाळणाऱ्या, घरात रमणाऱ्या मुलीसाठी वापरतात. अमेरिकेत मात्र माणसाला ‘होमली’ म्हटलं, तर अर्थ होतो दिसायला बेताची. ब्रिटनमध्ये हा शब्द जागेला लावला, तर घरच्यासारखी साधी, ऊबदार जागा असा चांगला अर्थ निघतो. अमेरिकेतल्या स्थळाला पाठवायच्या कागदावर तो फोटोच्या शेजारी बसणार, म्हणजे पंचाईतच. ‘सोबर’चं त्याहून बिकट आहे. आपण सोबर कपडे, सोबर मुलगा असं सहज म्हणतो. तिकडे माणसाबद्दल बोलताना ‘सोबर’चा पहिला अर्थ दारू न प्यायलेला, आणि व्यसन सोडलेली माणसंही स्वतःबद्दल हाच शब्द वापरतात. वाचणारा मनात विचारेल, सोडून किती महिने झाले? ‘ॲडजस्टिंग’ हे तिथं स्वभावाचं विशेषण म्हणून चालत नाही. ती सध्या कशाशी तरी जुळवून घेतेय, एवढंच त्यातून कळतं.

मुलाच्या आईवडिलांना कदाचित हे तिन्ही शब्द मावशीच्याच अर्थानं समजतील. तिकडे वाढलेल्या मुलाला समजणार नाहीत. त्याऐवजी ‘डाउन-टू-अर्थ’, ‘वॉर्म’, ‘ईझीगोइंग’ हे शब्द ठेवा आणि घराची आवड एका वाक्यानं दाखवा: ‘शी लव्हज कुकिंग अँड हॅविंग फॅमिली ओव्हर ऑन संडेज.’ मावशीला जे सांगायचं होतं ते यात आलं, आणि मुलगी कशी आहे तेही थोडं दिसलं. हे वाक्य मावसबहिणीला मात्र आधी दाखवा. तिला स्वयंपाक आवडतच नसेल, तर जे आवडतं ते लिहा.

आता तुमचं वाक्य. नागपुरात कोणालाही ते समजेल. पण परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या कंपनीत समोरचा माणूस हे शब्द ग्राहकाच्या कानानं ऐकत असतो. ‘सिम्पल’मधून तुम्हाला म्हणायचं होतं, डामडौल नसलेली. इंग्रजीत माणसाला नुसतं ‘सिम्पल’ म्हटलं की बुद्धीनं बेताचा अशी जुनी छटा डोकावते. त्यासाठी ‘मॉडेस्ट’, ‘अनअझ्युमिंग’ किंवा पुन्हा ‘डाउन-टू-अर्थ’ आहे. खरं सांगायचं तर नोकरीच्या इंटरव्ह्यूत साधेपणा सांगायची गरजच नसते, तो दिसतो. ‘फ्रँक’ आपण मोकळी, कोणातही मिसळणारी या अर्थानं म्हणतो. इंग्रजीत ‘फ्रँक’ म्हणजे समोरच्याला न आवडणारं खरंही तोंडावर सांगणारा. कस्टमर सपोर्टच्या खुर्चीत बसून असं म्हणालात, तर चिडलेल्या ग्राहकाला तुम्ही काय सुनवाल याची त्यांना काळजी पडेल. तुमचा शब्द आहे ‘अप्रोचेबल’, किंवा सरळ ‘ईझी टू टॉक टू’. ‘सेंटिमेंटल’मध्ये भावनांचा जरा अतिरेक, थोडा रडवेपणा आहे. मन लवकर दुखतं असं म्हणायचं असेल, तर ‘आय टेक थिंग्ज टु हार्ट’ हे चपखल आहे, पण ते इंटरव्ह्यूसाठी नाही.

‘हॅविंग हेल्पिंग नेचर’ची गोष्ट वेगळी. तिथं शब्द चुकलेला नाही, मराठी वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं उतरलं आहे. आपण ‘तिचा स्वभाव मदत करण्याचा आहे’ असं म्हणतो, म्हणजे गुण स्वभावाला लावतो. इंग्रजी तो थेट माणसाला लावतं: ‘आय ॲम हेल्पफुल.’ ‘हिज नेचर इज गुड’, ‘शी इज हॅविंग कूल नेचर’ ही सगळी याच कुळातली वाक्यं. ‘नेचर’ शब्द महिनाभर तोंडातून काढूनच टाका. निम्म्या चुका तिथंच थांबतील. आपल्याकडचं ‘जॉली नेचर’सुद्धा त्याच्याबरोबर जाऊ द्या, ‘चिअरफुल’ म्हणा.

एक छोटी पण महागात पडणारी चूक ‘अ’ची आहे. ‘आय ॲम पेशंट’ म्हणजे मी संयमी आहे. ‘आय ॲम अ पेशंट’ म्हणजे मी रुग्ण आहे. विशेषणानंतर नाम नसेल तर ‘अ’ लावायचा नाही. म्हणून ‘आय ॲम अ हार्डवर्किंग’ हे अर्धवट वाक्य आहे. एकतर ‘आय ॲम हार्डवर्किंग’ म्हणा, नाहीतर ‘आय ॲम अ हार्डवर्किंग पर्सन’. तुमच्या कामात ‘पेशंट’ हा शब्द हमखास लागणार, तेव्हा तो ‘अ’शिवाय दहादा मोठ्यानं म्हणून घ्या.

आता प्रश्न ओळखण्याबद्दल. पॅनल विचारेल, ‘व्हॉट वॉज युअर टीम लाइक?’ किंवा ‘व्हॉट इज युअर बेस्ट फ्रेंड लाइक?’ हा स्वभावाचा प्रश्न आहे: कशी आहे ती? शेवटचा ‘लाइक’ ऐकून बरेच जण आवडीचं सांगू लागतात, ‘शी लाइक्स पाणीपुरी.’ ‘व्हॉट डज शी लाइक?’ असं विचारलं, तर आवड सांगायची. ‘व्हॉट डज शी लुक लाइक?’ असेल, तर दिसणं. आणि ‘हाउ इज शी?’ हा बहुधा तब्येतीचा, हालहवालीचा प्रश्न असतो, त्यामुळे तुम्हीच कोणाला स्वभाव विचारणार असाल तर ‘हाउ’नं सुरुवात करू नका. चारही प्रश्न कोणाकडून तरी उलटसुलट विचारून घ्या आणि 2 सेकंदांत उत्तराची दिशा पकडता येते का ते पाहा.

तसंच, तात्पुरती अवस्था आणि कायमचा स्वभाव यांची गल्लत होते. मराठीत आपण ‘तो चिडलाय’ आणि ‘तो चिडका आहे’ यात कधी चुकत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी ‘अँग्री’ म्हणून मोकळे होतो. चिडलाय तो ‘अँग्री’, चिडका तो ‘शॉर्ट-टेम्पर्ड’. आज खूश ती ‘हॅपी’, मुळात हसतमुख ती ‘चिअरफुल’. लाजाळू म्हणजे ‘शाय’. ‘अशेम्ड’ म्हणजे केल्या गोष्टीची लाज वाटणारी. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’मध्येही हेच होतं. कंटाळा आलेली मुलगी ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणाली, तर तिनं स्वतःलाच कंटाळवाणी म्हटलं. एरवी चांगला असलेला माणूस आज उर्मट वागत असेल, तर ‘ही इज बीइंग रूड टुडे’. ‘बीइंग’ आणि ‘टुडे’ काढून नुसतं ‘ही इज रूड’ म्हणालात की तो जन्माचा उर्मट ठरतो. ग्राहकाबद्दल नोंद लिहिताना हा फरक फार कामाला येतो. ‘द कस्टमर वॉज अपसेट’ लिहावं, ‘द कस्टमर इज रूड’ लिहू नये.

यादीकडे वळू. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे शब्द वेचले. ते भरले जवळजवळ 18 हजार. त्यापुढे तुमचे 300 म्हणजे काहीच नाही, आणि 300 पाठ झाले तरी बोलताना उपयोग शून्य, कारण यादीत तीन गोष्टी नसतात: शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा, त्याच्यामागे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, आणि तो कोणत्या प्रसंगी शोभतो. मराठी अर्थ समोर ठेवून पाठ केलेला शब्द तर हमखास फसवतो.

कौतुक की टोमणा, हे आधी घेऊ. मराठीत काटकसरी आणि कंजूस यांत जे अंतर आहे, तेच इंग्रजीत ‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिन्जी’ यांत. मधे ‘केअरफुल विथ मनी’ आहे. तो सभ्य आहे, पण कधीकधी हळूच चिमटा काढायलाही वापरतात. जिद्दी म्हणजे ‘डिटर्मिन्ड’. तीच जिद्द समोरच्याला त्रासाची वाटू लागली की ‘स्टबर्न’. त्याच्याही पुढे हेकट, म्हणजे ‘पिग-हेडेड’, हा बोलीतला आणि अपमानाचा शब्द. बोलकी ती ‘चॅटी’, फार बोलणारी ‘टॉकेटिव्ह’. यातला दुसरा शब्द किंचित तक्रारीचा आहे, तरी आपली मुलं तो कौतुकानं वापरतात. जिज्ञासू तो ‘क्युरिअस’, नसत्या चौकशा करणारा ‘नोझी’. बारकाईनं काम करणारी ‘मेटिक्युलस’, त्याच बारकाईनं दुसऱ्यांना जेरीस आणणारी ‘फसी’.

‘हुशार’ हा तर मोठा घोळ आहे. अभ्यासात हुशार म्हणजे ‘ब्राइट’ किंवा ‘इंटेलिजंट’. ‘क्लेव्हर’ चांगला असला तरी त्यात चलाखीचा वास येऊ शकतो. व्यवहारात धोरणी तो ‘श्रूड’, आणि कावेबाज तो ‘कनिंग’. ‘स्मार्ट’ आपण छान दिसणाऱ्याला म्हणतो, अमेरिकेत तो हुशाराला म्हणतात, ब्रिटनमध्ये टापटीप कपड्यांतल्याला. ‘ओव्हरस्मार्ट’ हा आपल्याइथे चालणारा शब्द आहे. परदेशी माणसासमोर ‘नो-इट-ऑल’ म्हणा, त्याला लगेच कळेल.

‘शांत’ हा शब्द तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या ‘शांत’मध्ये दोन माणसं दडलेली आहेत: कमी बोलणारा आणि न डगमगणारा. पहिला ‘क्वायट’ (quiet), दुसरा ‘काम’ (calm). फोनवर बोलायच्या नोकरीत ‘आय ॲम अ क्वायट पर्सन’ म्हणणं म्हणजे पायावर धोंडा. ‘आय स्टे काम अंडर प्रेशर’ म्हणालात, तर नेमकं त्यांना हवं ते बोललात. ‘कूल-माइंडेड’ असा शब्द कुठून तरी आपल्याकडे रुजला आहे, तो सोडा. ‘लेव्हल-हेडेड’ म्हणा. ‘सायलेंट’ तर स्वभावाला लावूच नका. तो बहुतेक वेळा त्या क्षणी गप्प असलेल्यासाठी असतो.

शब्दयोगी अव्ययं शब्दासोबतच पाठ करा, नंतर चिकटवू म्हणाल तर चिकटत नाहीत. माणसांशी वागणूक असेल तेव्हा बरेचदा ‘टु’: ‘काइंड टु’, ‘पोलाइट टु’, ‘रूड टु’, ‘लॉयल टु’. हाताळणं असेल तिथं ‘विथ’: ‘पेशंट विथ’, ‘स्ट्रिक्ट विथ’, ‘जेनरस विथ’, ‘गुड विथ चिल्ड्रन’. विषय असेल तर ‘अबाउट’: ‘ऑनेस्ट अबाउट’, ‘पॅशनेट अबाउट’. कौशल्य आलं की ‘गुड ॲट’. आपल्याकडे ‘गुड इन मॅथ्स’ सर्रास ऐकू येतं, तिथंही ‘ॲट’च बरा. ‘प्राउड’ आणि ‘जेलस’ यांना ‘ऑफ’ लागतं. हे शंभर टक्के नियम नव्हेत, पण यांच्या भरवशावर इंटरव्ह्यू निघून जातो.

विरुद्धार्थी शब्दांत फार वेळ घालवू नका. ‘पी’ आणि ‘एम’च्या आधी बहुधा ‘इम’, जसं ‘इम्पेशंट’, ‘इम्मॅच्युअर’. ‘आर’च्या आधी बहुधा ‘इर’, जसं ‘इररिस्पॉन्सिबल’. ‘ऑनेस्ट’, ‘लॉयल’, ‘ऑर्गनाइज्ड’ यांना ‘डिस’. ‘काइंड’, ‘फ्रेंडली’, ‘रिलायबल’ यांना ‘अन’. ‘रिलायबल’ ‘आर’नं सुरू होऊनही ‘इर’ घेत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

मग सांगायचं काय? मानसशास्त्रात हे हजारो शब्द नंतरच्या संशोधकांनी पाच गटांत बसवले: नव्या गोष्टींची ओढ, कामातली शिस्त, माणसांत रमणं, दुसऱ्यांशी सौजन्य, आणि मनाचा स्थिरपणा. इंटरव्ह्यूला जाणाऱ्यानं हे पाच गट चाळणीसारखे वापरावेत. तुमच्या सरावाच्या वाक्याचा पुढचा अवतार बहुधा ‘काइंड, हेल्पफुल, केअरिंग अँड फ्रेंडली’ असा होईल. ते चारही शब्द जवळजवळ एकाच गटातले आहेत, म्हणजे चारदा एकच सांगितलं. त्याऐवजी तीन वेगळ्या गटांतून एकेक उचला. कस्टमर सपोर्टसाठी मी ‘पेशंट’, ‘ऑर्गनाइज्ड’ आणि ‘काम अंडर प्रेशर’ हे निवडेन. सौजन्य, शिस्त, स्थिरपणा, तिन्ही आले. अकाउंट्सची जागा असती, तर ‘थरो’ आणि ‘मेथॉडिकल’ पुढे आणले असते आणि ‘पेशंट’ गाळला असता.

क्रमही बघा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1946 साली लोकांच्या दोन गटांना एकाच माणसाची तीच सहा विशेषणं सांगितली. एका गटाला ‘इंटेलिजंट, इंडस्ट्रिअस’पासून सुरू करून ‘स्टबर्न, एनव्हिअस’पर्यंत, दुसऱ्याला नेमकी उलट. चांगले शब्द आधी ऐकणाऱ्यांचं मत त्या माणसाबद्दल बरं झालं. म्हणून सगळ्यात भक्कम शब्द पहिला. आणि ‘ऑनेस्ट’, ‘सिन्सिअर’ स्वतःच स्वतःला लावू नका. 1968 साली मानसशास्त्रज्ञ नॉर्मन अँडरसन यांनी 555 स्वभावशब्दांची आवडनिवड अमेरिकी विद्यार्थ्यांकडून तपासली, त्यात ‘सिन्सिअर’ सगळ्यात वर होता आणि ‘लायर’ सगळ्यात खाली. माणसांना हा गुण सर्वांत जास्त भावतो, म्हणूनच तो स्वतःच्या तोंडून ऐकला की शंका येते. दुसऱ्यानं म्हणू द्या. ‘माय फादर ट्रस्ट्स मी विथ द शॉप अकाउंट्स’ म्हटलं की काम झालं.

प्रत्येक शब्दामागे लगेच पुरावा हवा, ही या उत्तरातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. पुराव्यात जागा, कृती आणि शक्य असेल तर आकडा. तुमच्याकडे दोन उत्तम पुरावे आहेत आणि पत्रात तुम्ही ते जाता जाता सांगून टाकलेत! वही आणि मदत केंद्र. ‘ऑर्गनाइज्ड’साठी: ‘आय ॲम ऑर्गनाइज्ड. आय कीप द क्रेडिट बुक फॉर माय फादर्स ग्रोसरी शॉप इन इतवारी. आय एंटर एव्हरी अमाउंट द सेम डे, सो देअर इज नथिंग टु आर्ग्यू अबाउट ॲट द एंड ऑफ द मंथ.’ ‘पेशंट’साठी: ‘आय ॲम पेशंट विथ पीपल हू आर अपसेट. एव्हरी दसरा आय व्हॉलंटिअर ॲट अ हेल्प डेस्क निअर दीक्षाभूमी. व्हेन समवन हॅज लॉस्ट अ फॅमिली मेंबर इन द क्राउड, आय लेट देम फिनिश, अँड देन आय टेक डाउन द डिटेल्स वन बाय वन.’ तुमच्या वहीत आणि केंद्रावर खरोखर जे घडतं तेच यात भरा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येणार. उदाहरणार्थ, किती खाती आहेत? हरवलेल्या माणसाची माहिती पुढे कोणाला देता? एक शब्द आणि त्याचा पुरावा मिळून 20 ते 30 सेकंद पुरेत. तीन शब्दांना दीड मिनिट. त्यापलीकडे पॅनल घड्याळाकडे बघतं.

मग दोषाचा प्रश्न येईल. ‘आय ॲम अ परफेक्शनिस्ट’ इतक्या जणांनी सांगितलं आहे की तो दोष मानतच नाही कोणी. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘शॉर्ट-टेम्पर्ड’ किंवा ‘केअरलेस’ सांगितलंत, तर त्याच कामात नापास. असा खरा दोष निवडा जो या नोकरीचा कणा मोडत नाही, आणि इंग्रजीत तो मऊ करून सांगा. त्यासाठी ‘आय टेन्ड टु’ किंवा ‘आय कॅन बी अ बिट’ ही दोन उघडी दारं आहेत. ‘अ बिट’ मात्र बहुधा वाईट गुणालाच लावायचा. ‘अ बिट स्टबर्न’ चालतं, ‘अ बिट काइंड’ खटकतं.

तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं की तुम्ही भिडस्त आहात. मावशीनं बजावलं आणि तुम्ही लिहायला बसलात. ‘भिडस्त’ इंग्रजीत एका शब्दात येत नाही. ‘शाय’ नव्हे, ‘मॉडेस्ट’ही नव्हे. तो कृतीनंच सांगावा लागतो: ‘आय फाइंड इट हार्ड टु से नो.’ पुढे लगेच इलाज: ‘सो नाऊ आय चेक माय लिस्ट फर्स्ट, अँड आय गिव्ह अ टाइम आय कॅन ॲक्च्युअली कीप.’ आपले कितीतरी अस्सल शब्द असेच फोडून सांगावे लागतात. सोशीक माणूस ‘नेव्हर कम्प्लेन्स’, पण ‘लाँग-सफरिंग’ म्हणाल तर त्यात कीव येते. खमकी बाई ‘नो-नॉन्सेन्स’. आतल्या गाठीचा तो ‘सीक्रेटिव्ह’, जरा हलक्या सुरात ‘केजी’ (cagey). रोखठोक ‘स्ट्रेटफॉरवर्ड’, फटकळ ‘शार्प-टंग्ड’. स्वाभिमानी माणसाला ‘प्राउड’ म्हटलं, तर गर्विष्ठ वाटण्याचा धोका असतो, तिथं ‘शी हॅज अ लॉट ऑफ सेल्फ-रिस्पेक्ट’ हे पूर्ण वाक्यच बरं. भोळ्याला ‘इनोसेंट’ म्हणायची सवय आहे आपल्याला, पण ते कोर्टातल्या निर्दोष आरोपीसारखं ऐकू येऊ शकतं. चटकन विश्वास ठेवणारा ‘ट्रस्टिंग’, आणि कोणीही गंडवावं असा ‘गलिबल’. लहान मुलासारखा निरागस ‘चाइल्डलाइक’, पोरकट मात्र ‘चाइल्डिश’. आणि समंजस माणूस ‘सेन्सिबल’. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे हळवा. या दोघांची अदलाबदल लेखी परीक्षेतही होते.

3 आठवडे आहेत, तर असं करा. पहिल्या 2 दिवसांत 300 मधून 12 शब्द काढा, जे तुम्हाला खरोखर लागू पडतात. घरातल्या दोघांना आणि दोन मैत्रिणींना मराठीतच विचारा, मी कशी आहे? त्यांच्या उत्तरातले जुळणारे शब्द ठेवा, बाकी खोडा. साधारण 8 उरतील. प्रत्येक शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये न बघता ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या विद्यार्थी-कोशात बघा. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. तिथं शब्दापुढे ‘अप्रूव्हिंग’ म्हणजे कौतुकाचा, ‘डिसअप्रूव्हिंग’ म्हणजे नापसंतीचा, ‘ओल्ड-फॅशन्ड’ किंवा ‘इन्फॉर्मल’ असे शेरे असतात. तेच तुमच्या यादीत नव्हते. वहीच्या एका पानावर एकच शब्द: शेरा, शब्दयोगी अव्यय, तुमचा पुरावा, विरुद्ध शब्द. रोज 2 शब्दांपेक्षा जास्त नको. आज केलेला शब्द उद्या, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं पुन्हा मोठ्यानं म्हणा. डोळ्यांनी वाचलेला शब्द इंटरव्ह्यूत तोंडात येत नाही. तुमचं नेमकं तेच होतंय.

शेवटचा आठवडा फोनच्या रेकॉर्डरला द्या. रोज 15 मिनिटं बोला, ऐका, पुन्हा बोला. ऐकताना व्याकरणाआधी उच्चार तपासा. या विषयातले काही शब्द आपल्याकडे हमखास बिघडतात. ‘डिटर्मिन्ड’ म्हणा, ‘डिटरमाइन्ड’ नको. ‘जेन्युइन’, ‘जेन्युआइन’ नव्हे. ‘ऑनेस्ट’मधला ‘एच’ मुका, म्हणून त्याच्या आधी ‘ॲन’: ‘ॲन ऑनेस्ट पर्सन’. ‘स्टिन्जी’त ‘ग’ नाही, ‘ज’ आहे. ‘सोशबल’ म्हणजे मिसळणारा. ‘आय ॲम सोशल’ म्हणायचं असेल तिथं हाच घ्या. ‘क्वायट’चा उच्चार दोन तुकड्यांत होतो, ‘क्वाइट’चा (quite) एकात, आणि ‘क्वाइट’चा अर्थही वेगळा: बऱ्यापैकी. ‘काम’मध्ये ‘एल’ ऐकू येत नाही. ‘कॉन्शिएन्शस’ हा उत्तम शब्द आहे, मन लावून काम करणारी असा. पण पाचदा सलग न अडखळता म्हणता आला नाही, तर तो घरी ठेवा आणि ‘हार्डवर्किंग अँड केअरफुल’ म्हणा. अडखळत म्हटलेल्या भारी शब्दापेक्षा सहज आलेला सोपा शब्द पॅनलला बरा वाटतो. अर्जात लिहिताना ‘ऑर्गनाइज्ड’चं स्पेलिंग ‘एस’नं की ‘झेड’नं, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ब्रिटिश ‘एस’ आणि अमेरिकी ‘झेड’ दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच पानावर दोन्ही दिसले की निष्काळजीपणा वाटतो, आणि वर तुम्ही स्वतःला ‘ऑर्गनाइज्ड’ म्हटलेलं असतं.